आधी काय झालं?

‘आधी काय झालं?’ हा प्रश्न स्वमग्न मुलाच्या आईला आयुष्यभर पुरतो. डॉक्टर विचारतात तेव्हा त्यांना तारीख हवी असते: पहिली फिट कधी आली, बोलणं कधी थांबलं, यातलं अगोदरचं कोणतं. नातेवाईक विचारतात तेव्हा त्यांना गुन्हेगार हवा असतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कुठल्याही थेरपी सेंटरबाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसा, प्रश्न दोन्ही सुरांत ऐकू येईल. फिट आली, मेंदूला मार बसला आणि त्यातून ऑटिझम (स्वमग्नता) झाला, असं एका घरात मानतात. दुसऱ्या घरात ऑटिझम होताच, फिट त्यातून निघाली. तिसऱ्या घरात दोन्हीचं खापर ‘ट्रिपल’च्या इंजेक्शनावर फुटतं. गेल्या ऐंशी वर्षांत या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर मिळालं आहे, पण ते त्या बाकापर्यंत पोचलेलं नाही.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली बाल्टिमोरमध्ये तपासलेल्या अकरा मुलांवर जो लेख लिहिला, तिथून ऑटिझमचा इतिहास मोजतात. त्याच अकरा जणांचं पुढे काय झालं, हे त्यांनी १९७१ साली पुन्हा शोधून लिहिलं. तोवर त्यातल्या दोघांना फिट्स सुरू झाल्या होत्या. मधली वर्षं आयांसाठी फार वाईट गेली. आई थंड, तिनं माया केली नाही, म्हणून मूल स्वतःत मिटलं, हा सिद्धान्त त्या काळात पुस्तकांतून आणि दवाखान्यांतून बिनदिक्कत सांगितला जात होता. ब्रुनो बेटलहाइम हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध प्रचारक. हा सिद्धान्त मोडीत काढण्यात फिट्सचा मोठा वाटा आहे. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये मायकेल रटर आणि त्यांचे सहकारी स्वमग्न मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करत होते. लहानपणी ज्यांना एकही फिट आली नव्हती, अशातल्या बऱ्याच मुलांना वयात येताना पहिली फिट आली. मायेच्या अभावानं कुणाला अपस्मार, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार, होत नाही. गोष्ट मेंदूच्या घडणीतली होती, आणि ते सिद्ध करायला फिटच साक्षीला आली. आज ‘मोबाइल दाखवलास म्हणून’ असं सुनेला ऐकवलं जातं तेव्हा तोच जुना सिद्धान्त नव्या कपड्यांत बोलत असतो, एवढं नोंदवून पुढे जातो.

आता आकडे. ऑटिझम असलेल्यांपैकी किती जणांना अपस्मार असतो, याची पाच टक्क्यांपासून चाळिशीच्या पलीकडेपर्यंत उत्तरं छापून आली आहेत. हा गोंधळ खोटेपणाचा नाही. कोणती मुलं मोजली आणि कोणत्या वयात मोजली, यावर उत्तर फिरतं. फ्रान्समधल्या अमिए आणि सहकाऱ्यांनी २००८ साली जुने अभ्यास एकत्र केले, तेव्हा बौद्धिक अक्षमताही असलेल्या स्वमग्न व्यक्तींमध्ये अपस्माराचं प्रमाण २१.५ टक्के निघालं, ती नसलेल्यांमध्ये ८ टक्के. अमेरिकेतल्या २०१३च्या एका मोठ्या अभ्यासात २ ते १७ वर्षांच्या मुलांत ते साडेबारा टक्के होतं, पण तेरा वर्षांपुढच्यांकडे पाहिलं तर २६. ब्रिटनमध्ये दीडशे जणांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला. त्यात २२ टक्क्यांना अपस्मार झाला आणि बहुतेकांचा वयाच्या दहाव्या वर्षानंतर. सर्वसाधारण मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असतं. उलट बाजूनं मोजलं, म्हणजे अपस्माराच्या रुग्णांत ऑटिझम किती, तर उत्तर सहा टक्क्यांच्या आसपास येतं. तान्हेपणीच्या फिट्समध्ये मात्र त्याच्या कितीतरी पट.

आपल्या देशातला सर्वांत भरवशाचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या जवळपास चार हजार मुलांची त्यात तपासणी झाली. पाचातलं एक ठिकाण आपल्या शेजारचं, उत्तर गोवा. मेंदूच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण असलेल्या मुलांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाला एकाहून अधिक अडचणी होत्या. २०११च्या जनगणनेत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांची लोकसंख्या मिळून ३१ लाखांच्या आसपास होती. त्यातला चौथा हिस्सा मुलांचा धरला, शंभरात एक स्वमग्न धरलं, आणि त्यातल्या दहात एकाला फिट, तर पावणेआठशेच्या आसपास मुलं होतात. हे माझं पाटीवरचं गणित आहे, सर्वेक्षण नव्हे. पण एवढी मुलं म्हणजे एका मोठ्या शाळेचा पट झाला.

तर मग, आधी काय? या प्रश्नाला सर्वांत स्वच्छ उत्तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजारानं दिलं. यात जनुकातल्या दोषामुळे मेंदूत जन्माआधीच छोट्या गाठी असतात. दहातल्या आठ-नऊ मुलांना फिट्स येतात आणि जवळपास निम्म्यांना ऑटिझम होतो. निदान कधीकधी पोटात असतानाच, हृदयातल्या गाठी सोनोग्राफीत दिसून होतं. म्हणजे फिट येण्याआधीच औषध सुरू करून बघण्याची दुर्मीळ संधी. युरोपात हे केलं गेलं. निकाल २०२१ साली आले. ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, गडबड दिसताच, फिट यायच्या आधी व्हिगाबॅट्रिन दिलेल्या बाळांमध्ये अपस्मार कमी आणि सौम्य राहिला. दोन वर्षांच्या वयात ऑटिझमच्या लक्षणांमध्ये मात्र फिटच्या आधी आणि नंतर औषध दिलेल्या गटांत फरक पडला नाही. फिट हेच कारण असतं, तर फरक पडायला हवा होता.

बहुतेक मुलांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात, असा आजचा कौल आहे. मेंदूत पेशींना उत्तेजित करणारे आणि आवरणारे असे दोन प्रवाह असतात, त्यांचा तोल हवा. रुबेनस्टाइन आणि मर्झेनिक यांनी २००३ साली मांडलं की काही प्रकारच्या ऑटिझममध्ये हा तोल उत्तेजनाकडे झुकलेला असावा. पेशींचे सांधे घडवणाऱ्या ज्या जनुकांतले दोष ऑटिझममध्ये सापडतात, त्यातले कित्येक अपस्मारातही सापडतात. रेट सिंड्रोम, ड्रॅव्हे सिंड्रोम, पंधराव्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट असणं, ही यादी दरवर्षी वाढते आहे. आपल्याकडे यात एक कमी शोभिवंत भर आहे. बाळंतपणात बाळ वेळेवर रडलं नाही, पहिल्या दोन-तीन दिवसांत दूध नीट मिळालं नाही आणि रक्तातली साखर खूप उतरली, ही कारणं भारतातल्या फायलींत पुन्हा पुन्हा दिसतात. त्यावरचा उपाय प्रसूतिगृहात आहे, तिथे जनुकतज्ज्ञाची गरज नाही.

इंजेक्शनाचंही इथेच उरकतो. लस टोचल्यावर ताप आला, तापात पहिली फिट आली आणि मूल मागे पडत गेलं, ही हकिगत खरी असते. आईबाप खोटं बोलत नसतात. ऑस्ट्रेलियातल्या बर्कोविक यांच्या गटानं २००६ साली अशी ‘लसीनं मेंदू बिघडला’ म्हटलेली चौदा माणसं तपासली. त्यातल्या अकरा जणांत ड्रॅव्हेचा जनुकदोष सापडला. ताप आणणारं कुठलंही निमित्त तिथे पुरलं असतं. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा गोवराच्या संयुक्त लसीवरचा १९९८चा लेख तर ‘लॅन्सेट’नं २०१० साली मागेच घेतला. ‘लसीमुळे नाही’ एवढं सांगून डॉक्टर थांबतात तेव्हा घराला ते पटत नाही. ‘मग कशामुळे’ हे जनुकतपासणीनं कळलं, की अनेकदा भांडण मिटतं.

फिट हे कारण नाही, असं म्हणताना एक मोठा अपवाद ठेवावा लागतो, आणि त्यात वेळेला फार किंमत आहे. तीन ते बारा महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्या उठल्या एकदम मान पुढे टाकतं, दोन्ही हात सलाम केल्यासारखे वर येतात, क्षणभरात सुटतात. पुन्हा तेच. असं दहा-वीस वेळा, मग रडणं. घरात कुणी म्हणतं दचकतंय, कुणी म्हणतं पोटात दुखतंय. ग्राइप वॉटर दिलं जातं, दृष्ट काढली जाते. डॉक्टरांनाही फसायला होतं, कारण दवाखान्यात बाळ हसत असतं. याला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. विल्यम जेम्स वेस्ट या इंग्रज डॉक्टरनं १८४१ साली ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून स्वतःच्या मुलाचे असे झटके वर्णन केले, कुणाला उपाय ठाऊक असेल तर कळवा म्हणून. आज उपाय आहेत: एसीटीएचची इंजेक्शनं, जास्त मात्रेतलं प्रेडनिसोलोन, काही मुलांसाठी व्हिगाबॅट्रिन. झटके सुरू झाल्यापासून उपचाराला जितका उशीर, तितकी पुढची वाढ मागे पडण्याची शक्यता जास्त, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जन्मतःची कारणं बदलता येत नाहीत, पण मेंदूत चोवीस तास चाललेला हा गोंगाट थांबवता येतो. आणि तो ओळखायला आईच्या हातातला फोन पुरतो. दोन मिनिटांचा व्हिडिओ त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाला दाखवावा. ‘पुढच्या लसीला जाऊ तेव्हा विचारू’ हे इथे चालत नाही.

मोठ्या स्वमग्न मुलात फिट ओळखणं आणखी अवघड. एकटक पाहणं, ओठ चाटणं, बोटं चाळवणं हे त्याच्या नेहमीच्या वागण्यातही असतं आणि मेंदूच्या एका भागातून निघणाऱ्या फिटमध्येही. पुस्तकात लिहिलेलं असतं, नावानं हाक मारून बघा. जे मूल एरवीही नावाला वळत नाही त्याला हाक मारून काय कळणार? त्यापेक्षा खांद्याला हात लावावा, आवडत्या बिस्किटाचा पुडा वाजवावा. सवयीचं वागणं त्यानं तुटतं, फिट तुटत नाही. झोपेतल्या फिट्स सकाळी कळतात: जिभेला चावा, ओलं अंथरूण, अर्धा दिवस मरगळ. न बोलणारं मूल ‘मला काहीतरी होतंय’ हे सांगू शकत नाही, ते धावत येऊन आईला घट्ट धरतं आणि मग कोसळतं. हे दोनदा-तीनदा तसंच घडलं की आया ओळखू लागतात.

मग येतो ईईजी. तपासणी साधी, त्रासाची नाही, असं सांगतात. स्वमग्न मुलाच्या घरी तो एक प्रकल्प असतो. आदल्या दिवशी केस धुवायचे, तेल लावायचं नाही. रात्री उशिरापर्यंत जागवायचं, पहाटे उठवायचं, कारण झोपेतला ईईजी अधिक सांगतो. आणि मग डोंबिवलीहून परळला न्यायचं असेल तर लोकलमध्ये झोपू द्यायचं नाही. मुंब्र्यापर्यंत मूल किंचाळत असतं, कुर्ल्याला डुलक्या घेतं, आणि तपासणीच्या खाटेवर टक्क जागं. डोक्यावर चिकट पेस्ट लावून वीसेक तारा चिकटवायच्या, त्याही ज्याला टोपीसुद्धा सहन होत नाही अशा मुलाच्या. झोपेचं सिरप देऊनही काही मुलं जिंकतात. आधी आठवडाभर घरी टोपी घालण्याचा, डोक्याला ओला कापूस लावण्याचा खेळ केला तर उपयोग होतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हे शिकवू शकतात, पण ईईजी कधी आहे हे त्यांना कुणी कळवायला हवं.

आणि एवढं करून कागदावर काय येतं? ईईजी चांगला आला म्हणून फिट नाही, असं होत नाही. उलट ज्यांना आयुष्यात एकही फिट आली नाही अशा स्वमग्न मुलांमध्येही ईईजीत अपस्मारासारखे टोकदार तरंग बऱ्याचदा दिसतात. त्या तरंगांसाठी औषध देऊन ऑटिझम कमी होतो, असा पक्का पुरावा नाही. प्रत्येक स्वमग्न मुलाचा सरसकट ईईजी करावा याला पुरेसा आधार नाही, असं अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीनं २००० सालीच सांगितलं होतं. माझ्या मते आपल्या उपनगरांत हा मुद्दा सर्वांत जास्त गोंधळलेला आहे. फिट नाही, बोलणं गेलेलं नाही, तरी ‘रिपोर्ट खराब’ म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या घेणारी मुलं भेटतात. आणि झोपेतल्या फिटचा व्हिडिओ घेऊन फिरणारी, पण ‘ऑटिझममध्ये असं असतंच’ म्हणून परत पाठवलेली मुलंही भेटतात. खरी निकड एका वेगळ्या ठिकाणी असते. दीड-दोन वर्षांच्या वयात शब्द हरवणं ऑटिझममध्ये नेहमीचं आहे. पण तीन-चार वर्षं नीट बोललेल्या मुलाला अचानक बोललेलं समजेनासं झालं, ते बहिरं झाल्यासारखं वागू लागलं, तर झोपेतला ईईजी लगेच हवा. लँडाउ आणि क्लेफनर यांनी १९५७ साली वर्णन केलेला हा विकार दुर्मीळ आहे, पण औषधानं वळतो. भारतात आणखी एक भान: मुलाला ऑटिझम आहे म्हणून त्याची प्रत्येक फिट ऑटिझमच्या खात्यावर टाकू नये. फीतकृमीच्या अळीची मेंदूतली गाठ हे आपल्याकडे मुलांतल्या फिट्सचं नेहमीचं कारण आहे, आणि त्यावर उपचार आहे.

औषधांच्या बाबतीत दोन आजारांची गाठ रोजच्या घरात पडते. लेव्हेटिरॅसिटाम सध्या खूप वापरलं जातं, कारण ते बाकीच्या अवयवांना सांभाळून घेतं. पण काही मुलं त्यावर चिडचिडी, आक्रमक होतात. फेनोबार्बिटोननं चंचलपणा वाढू शकतो. आता असं होतं: न्यूरॉलॉजिस्ट सोमवारी मात्रा वाढवतात, गुरुवारी मूल थेरपिस्टला चावतं, आणि थेरपिस्टच्या वहीत ‘वर्तन बिघडलं’ अशी नोंद होते. गोळी बदलल्याचं त्या वहीत नसतं. चावल्याचं न्यूरॉलॉजिस्टच्या फाइलीत नसतं. दोन्ही जोडणारी एकच व्यक्ती असते, आणि ती त्या वेळी रिक्षाच्या रांगेत उभी असते. सोडियम व्हॅल्प्रोएट मुलग्यांना अनेकदा चांगलं लागू पडतं. मुलगी असेल तर वयात येण्याआधीच त्यावर बोलायला हवं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१३ साली आलेल्या अभ्यासात, गरोदरपणी आईनं व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण ४.४ टक्के दिसलं, एरवी ते दीड टक्का होतं. स्वमग्न मुलीच्या लग्नाचा प्रश्न कुठे येतो, असं म्हणून हा विषय टाळला जातो. तो टाळणं डॉक्टरांचं काम नव्हे.

जेवणाचीही ओढाताण. ज्यांच्या फिट्स औषधांनी थांबत नाहीत अशा काही मुलांना कीटोजेनिक आहार खरोखर उपयोगी पडतो: भात-पोळी जवळपास बंद, तूप, लोणी, खोबरेल, पनीर मोजून. तो तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करायचा नसतो. आणि इथे मूल असं, की फक्त वरणभात आणि एकाच कंपनीचं बिस्किट खातं. त्याच वेळी शेजारून गहू-दूध बंद करण्याचा सल्ला आलेला असतो, ज्याला ऑटिझममध्ये भक्कम पुरावा नाही. स्टेम सेलच्या जाहिराती तर लोकलच्या डब्यापासून फोनपर्यंत पाठ सोडत नाहीत. ऑटिझमसाठी त्या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळानं डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

इथे काय आहे? कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालयं. ठाण्यात जिल्हा रुग्णालय, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळांतून मुलं तपासून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायची, अशी रचना आहे. ठाण्यात १९९० पासून आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, महापालिकेची ‘जिद्द’ ही विशेष शाळा आहे. थेरपी सेंटरं तर आता स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर गल्लोगल्ली. मुलांच्या मेंदूविकारांचे तज्ज्ञ खासगीत ठरावीक वारी येतात. कमी दरात हवे असतील तर सायन, केईएम, वाडिया. म्हणजे ऑटिझमचा उपचार घराजवळ, फिटचा उपचार कुर्ल्याच्या पुढे. दोन फायली होतात त्या नुसत्या विषयामुळे नव्हे, रेल्वेच्या वेळापत्रकामुळेही.

कायद्यातही त्या दोनच राहिल्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे, अपस्मार स्वतंत्रपणे नाही. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, तोही ऑटिझमच्या प्रमाणपत्रावर. म्हणून ज्या मुलाला दोन्ही आहे त्याचा कागद ऑटिझमच्या नावानं निघतो आणि फिटचा उल्लेख कित्येकदा मुद्दाम गाळला जातो. कारण शाळा. ‘फिट येते’ हे कळलं की जागा नसते. प्रवेश झाल्यावर कळलं तर ‘आली की घेऊन जा’ असा फोन येतो. असं ऐकलेल्या आया पुढच्या शाळेत बोलत नाहीत, आणि मग वर्गात पहिली फिट येते तेव्हा कुणालाच काही ठाऊक नसतं. वास्तविक शाळेला लागणारी गोष्ट अर्ध्या पानाची आहे: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांपुढे गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा फवारा नाकात, आणि रुग्णालय.

घरातही भीती चुकीच्या जागी खर्च होते. गणपतीतल्या दिव्यांच्या माळा, टीव्ही, फटाके सगळं बंद केलं जातं. लखलखाटानं फिट येणारे अपस्मारातले शंभरात तीनेक जण. बाकीच्यांची फिट आरतीनंतरच्या जागरणानं आणि पाहुण्यांच्या गडबडीत चुकलेल्या गोळीनं येते. आधीच कमी झोपणाऱ्या मुलाला मंडपात रात्री एकपर्यंत धरून ठेवणं हे दिव्यांपेक्षा जोखमीचं.

आणि शेवटी तो ब्रिटनचा आकडा, दहाव्या वर्षानंतरचा. दहा वर्षांचा होईपर्यंत मुलाची थेरपी कमी झालेली असते, न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं कारण उरलेलं नसतं, आई जराशी सैल झालेली असते. चिंता आता पुढची असते: अठरानंतर काय, आपल्यानंतर कोण. डोंबिवलीजवळच्या खोणी गावात अमेय पालक संघटनेनं मोठ्या झालेल्या मुलांसाठी ‘घरकुल’ उभं केलं ते याच चिंतेतून. नेमक्या अशा काळात, बारा-तेराव्या वर्षी, एखाद्या पहाटे शेजारच्या गादीवरून घोगरा आवाज येतो आणि मुलाचे हातपाय ताठ होतात. हे येऊ शकतं, असं त्या घराला गेल्या दहा वर्षांत कुणी सांगितलेलं नसतं. आजी नाकाशी धरायला कांदा आणायला स्वयंपाकघराकडे धावते. त्या वेळी मुलाला कुशीवर वळवावं, कुणीतरी फोनवर व्हिडिओ घ्यावा, कुणीतरी घड्याळाकडे पाहावं, आणि कांदा टोपलीतच राहू द्यावा.